कालचं पुन्हा म्हण

सलीम टोमण्याला उत्तर देतो, पण दुसऱ्या दिवशी.

आमच्या कारंजा गावात माझ्या घरासमोरच्या जुन्या कापूस-गोदामात मिक्स्ड मार्शल आर्ट्सची संस्था आहे. फलकावर ‘इंटरनॅशनल’ असा शब्द आहे. आत दोन गाद्या आहेत. त्याही सलीमनेच भरलेल्या, कारण त्याचा धंदाच तो. माझ्याकडे प्रिंटर असल्यामुळे मी संस्थेचा सचिव झालो.

सलीमचा जोडीदार आणि वैरी एकच: गौतम, पंचायत समितीतला कारकून. दोघांचं वजन सारखं, तोंडं मात्र नाहीत. गौतम हातमोजे चढवतानाच सुरू होतो.

“सलीम, तुह्या ठोशानं मच्छर तरी मरते काय बे?”

सलीम आपले मोजे चढवतो. सराव संपला की सायकल काढतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी दारातूनच आवाज येतो.

“गौतम, कालचं म्हण.”

“कोणतं?”

“मच्छरवालं.”

गौतम घसा खाकरून, कालच्याच तुच्छतेने, अख्खं वाक्य पुन्हा म्हणतो.

“मच्छर हुशार हाय, उडून जाते. तू काहून उभा राह्यतं?”

“हे बरं होतं,” गौतम मान्य करतो. मग दोघे एकमेकांना बडवतात. एकदा गौतम आपलाच टोमणा विसरला, तेव्हा सलीमने तो त्याला कागदावर लिहून दिला.

यंदा नागपूरच्या स्पर्धेसाठी त्यांच्या वजनगटात एकच जागा होती. तिच्यासाठी सलीमने बहिणीच्या लग्नातली बिर्याणी सोडली. घरात त्याला अजून माफी नाही. निवडीच्या लढतीत तो पुढेही होता. दुसऱ्या फेरीत गौतम म्हणाला, “तुही बिर्याणी फुकट गेली ना बे!” सलीम उत्तर शोधायला थांबला. ठोसा मात्र त्याच दिवशी आला.

त्यामुळे नागपूरला गौतम लढायला गेला, सलीम पाण्याची बाटली अन् जखमेचा कापूस धरायला, आणि मी कागदपत्रं धरायला.

समोरचा गडी दंडावर वाघ गोंदवलेला. लढतीआधी जवळ येऊन म्हणाला, “कारंज्याचा ना तू? कापसाच्या गावचा. हातही कापसाचेच असतीन.”

आम्ही गौतमकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

“कापूस हाय ना,” सलीमने हातातला पुडा उंच धरला. “तुह्या नाकासाठीच आणला.”

एक सेकंदही लागला नव्हता. मला वाटलं, कोणी दुसराच बोलला.

गौतम थोडक्या गुणांनी हरला. परतीच्या एसटीत सुजल्या ओठांनी त्याने विचारलं, “आज इतक्या लवकर कसं सुचलं बे तुले?”

सलीम कारंजा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या दारातून आवाज आला. “गौतम, कालचं इचार.”

गौतमने विचारलं. ओठ सुजलेलाच होता, पण एक शब्द गाळला नाही.

“तुले दुसरं कोणी बोललं की,” सलीम गादी झटकत म्हणाला, “मले इचार कराले टाइमच भेटत नाही.”

गौतम हातमोज्याची पट्टी बराच वेळ आवळत बसला.

“उद्या सांगतो,” तो म्हणाला.