संबंधितास विनाविलंब कळवावे

माणसाची खाजगी माहिती ही मालमत्तेइतकीच मौल्यवान असते, आणि ती आपल्याकडे होती हे बहुधा ती गेल्यावरच कळतं. म्हणून माहिती चोरीला गेली तर संबंधितास विनाविलंब, स्पष्ट आणि सोप्या भाषेत कळवावं, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. तो तंतोतंत पाळला गेल्याचं निदान एक उदाहरण लोकांपुढे असावं, म्हणून ही हकिकत.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार-खिडकीवर एक बाई बसत. सगळे त्यांना तक्रारताई म्हणत. सतरा वर्षांत त्यांनी एकाही नागरिकाला मध्येच तोडलं नव्हतं. लोक बोलत, ताई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि बिनचूक लिहून घेत. खरी गोष्ट अशी, की ताईंचा उजवा कान पार गेला होता आणि डावा केसांआडच्या यंत्राच्या मेहेरबानीवर चालत होता. बाकीचं त्या ओठ वाचून भागवत. कार्यालयात हे कुणालाही माहीत नव्हतं. (नवऱ्यालाही चार वर्षं पत्ता लागला नाही. आपण बोललेलं बायकोला ऐकू येत नाही, यात त्याला नवीन काही वाटलं नव्हतं.) वर्षअखेरीस हेडक्लार्क निवृत्त होणार होते. त्या खुर्चीवर ताईंचाच हक्क होता, आणि तोवर झाकली मूठ झाकलेली राहावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यांच्या कानाच्या दवाखान्यातला संगणक कुणीतरी फोडला. सहाशे बारा रुग्णांची नावं, पत्ते आणि कोणत्या कानाला किती ऐकू येतं याची कोष्टकं चोराच्या हाती गेली. दवाखान्याने हात झटकले नाहीत. त्याच सकाळी बैठक घेऊन ठरवलं, की प्रत्येक रुग्णाला जातीने कळवायचं. फोनवर.

पहिल्या दिवसाची आकडेवारी अशी: केलेले फोन दोनशे चाळीस, उचललेले एक्केचाळीस, "कोण? मोठ्याने बोला" म्हणणारे अडतीस; उरलेले तिघे राँग नंबर. अनुभवातून दवाखाना शिकला. ज्यांनी मोबाइल उचलला नाही त्यांच्या कामाच्या ठिकाणी फोन करायचा, आणि प्रत्येक वाक्य तीनदा, बेंबीच्या देठापासून सांगायचं, असं मदतनीस मुलीला बजावण्यात आलं.

पाणीपुरवठ्याचा फोन हेडक्लार्कच्या टेबलावर, आणि कायम स्पीकरवर. (रिसीव्हर धरला की त्यांचा खांदा धरे.)

"ताईंशी बोलायचंय. जरा खाजगी आहे."

"ताई, तुम्हाला फोन," हेडक्लार्क म्हणाले.

ताई उठून आल्या. स्पीकरवरचा आवाज त्यांना गरम तव्यावर पाणी पडल्यासारखा नुसता चर्रर्र येई. "हं, बोला," त्या अंदाजाने म्हणाल्या.

"ताई, तुमची माहिती चोरीला गेलीय! उजवा कान, शून्य! डावा, तीस टक्के! पण घाबरू नका, कुणाला कळणार नाही!"

"काय?"

"उजवा कान! शून्य!"

खोलीत ताईंखेरीज नऊ कर्मचारी आणि रांगेत चौदा नागरिक होते. तेवीसच्या तेवीस जणांपर्यंत सूचना स्पष्ट आणि सोप्या भाषेत पोहोचली. ताईंनी सवयीने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. ओठ कुणाचेच हलत नव्हते. टायपिस्टचा हात मात्र नकळत स्वतःच्या उजव्या कानाकडे गेला होता. तेव्हा ताईंना कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कायद्याने ताईंना बरेच अधिकार होते. ते त्यांनी एकेक करून वापरले. काय काय चोरीला गेलं ते जाणून घेण्याचा अधिकार वापरला, तेव्हा मदतनीसने ते सगळं वाचून दाखवलं. (बाहेरच्या बाकावरच्यांनाही कळलं.) नोंद दुरुस्त करण्याच्या अधिकारात कान उत्तम असल्याचं लिहून द्यायची दवाखान्याची तयारी होती, पण मग यंत्राची हमी रद्द झाली असती. शेवटी त्यांनी नोंदच पुसून टाकायला लावली. ती पुसल्याचं कळवायला कार्यालयात पुन्हा फोन आला.

खबरदारीचं एक पत्रकही मिळालं: पासवर्ड बदला, गेलेल्यापैकी जी माहिती बदलता येईल ती बदला, आपली खाजगी बाब फोनवर कुणाला सांगू नका. शेवटची सूचना ताईंनी दोनदा वाचली.

चोराबद्दल सांगायचं, तर त्याने आजतागायत कुणाकडे चकार शब्द काढलेला नाही.

साहेबांनी ताईंना बोलावून मनापासून सहानुभूती व्यक्त केली. ती फाइलीत मान घालून व्यक्त केल्यामुळे ताईंपर्यंत पोहोचली नाही. बदलीचा कागद पोहोचला. हेडक्लार्कची खुर्ची टायपिस्टला मिळाली. ताई आता मागच्या खोलीत आलेल्या पत्रांवर शिक्के मारतात. खिडकीवर तिखट कानांचा एक गृहस्थ बसतो आणि दुसऱ्याच वाक्याला "कळलं, कळलं, पुढचा" म्हणतो.

आता आपल्याविषयी. ताईंचे दोन्ही कान, यंत्र, नवरा, हे सगळं वर आलेलं आहे, आणि त्याला ताईंची परवानगी कुणीही घेतलेली नाही. आपण ते शेवटपर्यंत वाचलंत; मध्येच संकोचून कुणी थांबल्याची नोंद नाही. तेव्हा नियमाप्रमाणे ताईंना तसं विनाविलंब कळवणं हे आता आपलंही कर्तव्य आहे. फोन करू नका. समोर बसा, मान वर करा आणि सावकाश सांगा. त्या मध्येच तोडणार नाहीत.