भास्करराव डॉक्टरांना न शिकवलेलं

खोताच्या वाडीतल्या भास्करराव डॉक्टरांचे रोगी पळवून लावले ते मी. त्यासाठी हत्यार त्यांनीच हातात दिलं, अशी स्वतःची समजूत मी पुष्कळ दिवस घालत असे.

हे गृहस्थ रोग्याची नाडी धरण्याआधी त्याला आपलं शिक्षण सांगत. इतर डॉक्टर पाटीवर एल. एम. अँड एस. लिहून गप्प बसतात. हे त्या अक्षरांची झाडाझडती घेत. "ताप? ताप आम्हांला चांगला शिकवला. बसा." किंवा, "कान? कानाचं शिक्षण बेताचं. तरी बघतो." आमचा शेजारी पास्कोल एकदा सुजलेला गाल धरून गेला, तर म्हणाले, "दातांची दोनच व्याख्यानं होती. एकाला मी गैरहजर, दुसऱ्याला प्रोफेसर."

"मग काडतोस का नाय?"

"काढतो. पण तुला ठाऊक असावं."

पास्कोल गालासकट परत आला.

मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, हा कायदा मी वाचलेला नाही, असं वकील कधी अशिलाला सांगतो का?"

"म्हणून तर अशील हरतात, गोविंदराव."

रविवारी पगडी घालून ते कॉलेजातल्या सोबत्यांकडे जात, पार परळपर्यंत. प्रश्न एकच: "खरं सांग, आपल्याला बरं शिकवलं का रे?" एकदा मीही बरोबर गेलो. सोबत्याच्या दारात स्वतःची बग्गी उभी होती.

"उत्तम शिकवलं! चांगल्या गोऱ्या प्रोफेसरांनी शिकवलं. पास झालास ना? मग झालं तर!"

"प्रेतं उत्तम शिकवली," भास्करराव म्हणाले. "इस्पितळातल्या खाटेवरचा गरीब उत्तम शिकवला. तो बिचारा म्हणू तेव्हा जीभ काढी. पण गिरगावातला रोगी कुठे शिकवला? तो लाजतो, खोटं बोलतो, वैद्याची पुडी उशीखाली ठेवतो."

सोबत्याने चहा मागवला आणि विषय बदलला. परतताना भास्करराव ट्रामच्या घोड्यांकडेच बघत होते. आता हा प्रश्न सोडतील, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी पगडी पुन्हा निघाली.

त्याच सुमारास बाळंतपणानंतर माझ्या बायकोची, अंबूची, तब्येत उतरत चालली. भास्कररावांना बोलावलं. आमच्याकडची रीत ठरलेली: डॉक्टर ओसरीवर, बाई दाराआड, मध्ये नवरा. प्रश्न मी आत न्यायचा, उत्तर बाहेर आणायचं.

"विचारा," डॉक्टर म्हणाले, "रक्त अजून जातं का?"

ओसरीवर माझे थोरले बंधू बसलेले. माझे कान तापले. मी आत गेलो, पाण्याच्या पिंपाजवळ थोडा उभा राहिलो, आणि अंबूला काहीएक न विचारता बाहेर आलो.

"नाही."

त्यावर त्यांनी भूक लागण्याचं औषध दिलं. काही दिवसांनी अंबू चुलीपुढेच कोसळली. मी भेदरलो, भेदरलेला माणूस दुसऱ्याचा दोष आधी बघतो. वाडीच्या ओट्यावर जमणाऱ्या मंडळींत मी म्हटलं, "अहो, तो स्वतःच सांगतो, मला शिकवलं नाही म्हणून!" मंडळी खूप हसली. मग एकेकाने नाक्यावरचा दुसरा डॉक्टर धरला, ज्याला सगळंच येत असे. भास्कररावांच्या दवाखान्यातलं बाकडं रिकामं पडलं.

पण त्याआधीच, अंबू कोसळल्याचं कळताच, ते न बोलावता आले. "गोविंदराव, तुम्ही अंगणात जा." दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ते बसले. "वहिनी, मी भिंतीशी बोलतो आहे. तुम्हीही भिंतीशीच बोला."

अंगणातून मला अंबूचा आवाज ऐकू येत होता. ती इतकं बोलते हे मला ठाऊक नव्हतं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. मला मात्र काही बोलले नाहीत. औषध बदललं, जाणती सुईण पाठवली. अंबू हळूहळू उठून बसू लागली. वाडीत कोणी विचारलं, तर ते सांगत, "आधी माझं निदान चुकलं."

मला ते सोसेना. दवाखान्यात गेलो. ते एकटेच बाटल्या पुसत होते.

"माझं खोटं का झाकलंत?"

त्यांनी हातातली बाटली उजेडाला धरली. मग म्हणाले, "मी कॉलेजात असताना माझी बायको गेली. सुट्टीत घरी गेलो की आईला विचारी, कशी आहे? आई म्हणे, बरी आहे. तिला स्वतःला मी कधी विचारलंच नाही. हे आम्हांला शिकवायचं राहिलं होतं का, एवढंच सोबत्यांना विचारत फिरतो. ते म्हणतात, सगळं शिकवलं होतं." बाटली त्यांनी फळीवर ठेवली. "म्हणजे मग दोष माझाच ना?"

मी तडक घराकडे निघालो.

घरी अंबू तांदूळ निवडत होती. म्हटलं, "ओट्यावर खरं सांगायचं आहे. तुझ्या दुखण्याचं नाव निघेल. सांगू का?"

तिचा हात थांबला. "मला विचारताय?"

"तुलाच."

"मग सांगा. आणि थोरल्या भावजींसमोर सांगा."

संध्याकाळी ओटा भरला होता. बंधू होते, पास्कोल होता. दवाखाना बंद करून भास्करराव खाली मान घालून पुढून जात होते. मी उठून त्यांच्या वाटेत उभा राहिलो.

"डॉक्टरांनी बरोबर तेच विचारलं होतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "रक्त जात होतं. मी हिला विचारलंच नाही. लाजलो, आणि नाही म्हणून सांगितलं. यांचं निदान नाही चुकलं, माझं उत्तर खोटं होतं. वर तुमच्यात बसून यांना हसलो तोही मीच."

बंधूंनी मान फिरवली. हसलं कोणी नाही.

"डॉक्टर," मी हात जोडले, "मला क्षमा करा."