धाकोजी राऊळ यांनी बंदूक दिली ते वर्तमान

श्री. ज्याचे कृपेने बंद पडलेले सुरू होते आणि भरलेले अवेळी सुटत नाही, त्या देवास आधी नमस्कार करोन लेखनास आरंभ केला असे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी घाटाखाली एक राज्य होते, त्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. मुलूख डोंगराळ, भातशेतीचा. पीक पिवळे जाहले की रानडुकरांची फौज जंगलातून उतरे आणि एका फेरीत शेत लोळवून जाई, याकरिता सरकारातून रयतेस बंदुकीचे परवाने दिले होते, आणि बार हवेत काढावा, डुकरे पळवावी, जनावर मारू नये, ऐसा हुकूम होता. त्या राज्यात एक नवल पाहण्यात आले, ते ऐसे की, ज्या घरी भिंतीवर बंदूक, त्याच घरी मधल्या खोलीत संगणक, आणि तोही बाजारातून तयार आणलेला नव्हे, एकेक भाग मागवून स्वहस्ते जुळविलेला. परमुलखीचे लोक पुसत की, हे दोन शौक एके ठायी कैसे आले? त्याचे उत्तर त्यांचे पडवीत बसल्यावाचून कळावयाचे नाही. बंदूकवाल्यास आपले हत्यार दुसऱ्याने साफ केलेले खपत नाही, आणि संगणकवाल्यास आपला डबा दुसऱ्याने उघडलेला खपत नाही. नवी वस्तू हाती येताच दोघांसही प्रथम ती खोलावी ऐसे वाटते. दोघांचेही घरी स्क्रू बशीत असतात, आणि त्याच बशीत कोणी चहा ओतला म्हणोन कलह होतात. आणि मग कोणती नळी चांगली, कोणता प्रोसेसर चांगला, यावर दिवेलागणीपर्यंत भांडावे, आणि भांडून उठताना पुढले आदितवारी पुन्हा यावयाचे ठरवोनच उठावे, हा उभयतांचा धर्म एकच.

ही बैठक अंतोजी तावडे यांचे पडवीत भरे. अंतोजी चाळिशीचे, अंगाने सडपातळ, बोलण्यात भिडस्त. पोटासाठी गावोगावचे बिघडलेले संगणक नीट करोन देत, आणि वडिलांचे पश्चात त्यांची दुनळी बंदूक सांभाळीत. त्यांचे जिवलग हुसेनखान मुकादम, वयाने थोडे वडील, डोळ्यांवर जाड भिंग, मसलतीस तत्पर. आणि मंडळाचे मुख्य सरदार धाकोजी राऊळ, सत्तरी ओलांडलेले. मंडळातील प्रत्येकास बंदूक धरावयास त्यांनीच शिकविले. नळी कोणाकडे करू नये, रिकामी असली तरी भरलेली समजावी, हे त्यांनी एकेकाचे कान पिळोन मनात घातले होते. संगणकास मात्र ते काचेचे खोके म्हणत, आणि तो विषय निघाला की तिकडे पाठ करोन अडकित्त्याने सुपारी कातरीत बसत.

ऐसे असता कार्तिकात एके सकाळी धाकोजींचे कुटुंब सत्यभामाबाई अंतोजींचे घरी मागील दाराने आल्या, आणि पदराखालून एक किटली काढून चुलीपाशी ठेविली. किटलीस एके बाजूने छऱ्यांची भोके पडली होती. बाई खाली बसल्या आणि बोलिल्या की, "अंतोबा, सकाळी मी चहा घेऊन शेतावर गेले. धुके होते, थंडी होती, म्हणून यांचीच काळी घोंगडी डोक्यावरून घेतली. वाटेत भात आडवे पडले होते, ते सारखे करायला किटली पुढे ठेवून वाकले. तेवढ्यात यांनी बार काढला."

"हवेत?"

"हवेत काढला असता तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

"काकांना ठाऊक आहे?"

"त्यांना वाटते, डुक्कर होते आणि पळाले. मी बांधाआडून घरी गेले आणि दुसऱ्या भांड्यातून चहा नेऊन दिला. हात कापत होते माझे. तर मला म्हणाले, थंडी वाजते काय तुला." मग बाई म्हणाल्या की, "त्यांना दिसत नाही रे. वर्षभर लपवताहेत. बंदूक काढून घे त्यांच्याकडून. पण हे त्यांना सांगू नको. कळले तर माणूस अन्नाला शिवायचा नाही."

अंतोजींनी वचन दिले, आणि बाई किटली घेऊन गेल्या. ज्यांनी आपला कान पिळला त्यांचेच हातून हे घडले, हे त्यांचे मनास मानवेना. मग हुसेनखानांस बोलावून मसलत केली. खानांनी सांगितले की, ठाण्यात वर्दी द्यावी, शिपाई येऊन घेऊन जातील. अंतोजी बोलिले की, "काकांच्या दारात शिपाई उभा करून मी परत त्यांना तोंड कसे दाखवू?" तेव्हा खानांनी दुसरी तोड काढली. चाप ओढला की घोडा पडतो, आणि घोड्यापुढील बारीक खिळी काडतुसावर बसते तेव्हा बार होतो. त्या खिळ्या काढून ठेवाव्या. घोडा पडेल, बार होणार नाही, आणि म्हाताऱ्यास वाटेल की काडतुसे ओलावली. ही मसलत अंतोजींस आवडली नाही, परंतु दुसरी सुचेना, म्हणोन कबूल केली.

पुढे आदितवारी मंडळ भरले, आणि नळी पाहावयाचे निमित्ताने अंतोजींनी धाकोजींची दुनळी मागोन घेतली, आणि खान मोठ्याने रॅमच्या किमतीविषयी बोलत असता खिळ्या काढून बशीत टाकल्या, आणि बंदूक जोडून परत दिली. धाकोजींनी रिवाजाप्रमाणे ती उघडून, आत बोट घालून, रिकामी असल्याची खात्री केली, नळी आकाशाकडे केली आणि चाप ओढला. घोडा पडला, परंतु खिळीवर बसल्याचा आवाज आला नाही. म्हाताऱ्याने मान कलती केली आणि दुसरा चाप ओढला. मग बंदूक मांडीवर ठेवून हळू आवाजात बोलिले की, "खिळ्या कुठे आहेत?"

खानांचे बोलणे मध्येच तुटले.

"अंतोबा, तुझ्या हातात दिली होती. माझ्याकडून शिकलास, आणि माझ्याच बंदुकीची जीभ उपटलीस. का ते सांग."

अंतोजी वचनात गुंतले होते. त्यांनी बशी पुढे केली आणि मान खाली घातली. धाकोजींनी बोटांनी चाचपून खिळ्या वेचल्या, न पाहता जागच्या जागी बसविल्या, आणि कोणाचा निरोप न घेता चालते जाहले. अंतोजींस त्या दिवशी जेवण गेले नाही. चोरी केली याची लाज एकीकडे आणि बंदूक पुन्हा शेतावर जाणार याची धास्ती दुसरीकडे. अखेर उन्हे कलण्याआधी उठोन ते एकटेच गाडीवरून धाकोजींचे घरी गेले. म्हातारा ओट्यावर काडतुसे भरीत बसला होता. अंतोजी अंगणात उभे राहोन बोलिले की, "काका, मी चोरासारखा वागलो. ते चुकले. आता तोंडावर मागायला आलोय. बंदूक द्या."

"कारण?"

"कारण सांगता येत नाही."

"मग बंदूकही देता येत नाही. बाजूला हो, मला शेतावर जायचे आहे."

अंतोजी बाजूला जाहले नाहीत. धाकोजी उठोन पायरीवर आले आणि दोघे समोरासमोर उभे राहिले, कोणी हलेना. इतक्यात सत्यभामाबाई आतून आल्या. हाती ती किटली, पाण्याने भरलेली. त्यांनी ती पायरीवर ठेविली आणि चहूकडोन नव्हे, एकाच अंगाने पाण्याच्या बारीक धारा सुटोन धाकोजींचे पायांवर पडू लागल्या. बाई बोलिल्या की, "कारण हे. मीच त्याला सांगू दिले नाही."

धाकोजी खाली बसले आणि एकेका भोकावर बोट ठेवीत गेले. धुके, काळी आकृती, त्या सकाळी बायकोचे कापणारे हात, सर्व एके ठिकाणी येऊन मिळाले ऐसे त्यांचे मुद्रेवर दिसले. मग इतकेच पुसले की, "घोंगडी माझी होती?"

"होय."

म्हाताऱ्याने बंदूक उघडली, काडतुसे काढून अंतोजींचे हातावर ठेविली आणि बोलिले की, "मला ठाऊक होते दिसत नाही ते. आवाजावर भागवीत होतो. वाटले, एवढा हंगाम काढू." मग पायांत वहाणा सरकविल्या आणि उघडी बंदूक दंडावर घेऊन ठाण्याचे वाटेस लागले. अंतोजींनी गाडीवर बसा म्हणोन विनविले, ते ऐकिले नाही. आपली बंदूक आपण नेऊन देणार, ऐसा त्यांचा आग्रह. तेव्हा अंतोजी गाडी तेथेच टाकोन मागून चालत गेले. ठाण्यात बंदूक जमा जाहली आणि परवाना परत केला.

त्यानंतर धाकोजी पडवीवर येईनासे जाहले. मंडळ भरे, परंतु भांडणास रंग चढेना. सत्यभामाबाई विहिरीवर भेटल्या तेव्हा अंतोजींस म्हणाल्या की, "दोन घास खातात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. माझ्याकडे बघत नाहीत. मी धडधडीत जिवंत आहे आणि हे माझे सुतक धरून बसलेत." हे ऐकोन अंतोजींनी घरी जाऊन एक जुना संगणक काढला, बहुत दिवस कुरकुर करणारा, आणि तो उचलोन धाकोजींचे ओट्यावर आणून सुरू करोन ठेविला. म्हातारा आतून म्हणाला, "काचेचे खोके माझ्या दारात नको." अंतोजी बोलिले, "नेतो. पण यातला एक पंखा आवाज करतो आणि आत तीन आहेत. कोणता ते उमगत नाही." आणि खरोखरच उमगत नव्हते. मग अंतोजी स्वस्थ बसले आणि यंत्र कुरकुरत राहिले. खराब आवाज ऐकोन गप्प पडून राहणे हे धाकोजींचे रक्तात नव्हते. थोडे वेळाने ते आपसूक बाहेर आले, कान लाविला आणि बोलिले की, "मागचा. दांडा एका बाजूने झिजलाय." पंखा काढून पाहिला तो तैसेच होते. मग धाकोजींनी पुसले की, ही पट्टी कशाची, हे दोन दांत कशाला, आणि रॅमची पट्टी काढून पुन्हा बसविली, तिचा खट् ऐसा आवाज होताच भुवया वर गेल्या, आणि पुन्हा काढून पुन्हा बसविली. दिवेलागण जाहली तरी स्वारी ओट्यावरच. बाईंनी आतून चहा पाठविला, तो बशीत ओतावयास गेले तो बशीत स्क्रू.

यापुढे धाकोजींनी त्या विद्येत ऐसे डोके घातले की मंडळास त्यांचे भय वाटू लागले. दिसत नाही ते बोटांनी पाहावे, पडद्यावरील अक्षर हाताएवढे करोन घ्यावे, आणि पंचविशीतल्या पोरासारखे भांडावे. मग डुकरांची चिंता उभी राहिली, त्यास त्यांनी आणि अंतोजींनी मिळोन तोड काढली. बांधावर कॅमेरा बसविला आणि संगणकास शिकविले की, काळे, वाकलेले, हलते काही भातात दिसले की कर्ण्यातून बाराचा आवाज काढावा. डुकरे आठवडाभर पळाली आणि मग समजून चुकली. तेव्हा अंतोजींनी बारासोबत धाकोजींच्या शिव्या भरल्या, त्या मात्र डुकरांस सोसल्या नाहीत. परंतु एके दिवशी सत्यभामाबाई गवत काढावयास शेतात वाकल्या, आणि कर्ण्यातून त्यांचेच घरधन्याचे आवाजात त्यांचे सात पिढ्यांचा उद्धार जाहला. बाई विळा हाती घेऊन तडक ओट्यावर आल्या आणि बोलिल्या की, "तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसत नाही. चांगला साथीदार शोधलात." अंतोजींस वाटले की आता म्हातारा कोसळणार. परंतु धाकोजींनी मान वर करोन बायकोचे तोंडाकडे पाहिले, बहुत दिवसांनी, आणि हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही. बाई शेजारी बसल्या. अंतोजी यंत्रात काही बघावयाचे निमित्त करोन शेताकडे निघोन गेले.

पुढले साली आश्विनात धाकोजींनी नवा रिवाज घातला, तो ऐसा की, हंगामाआधी प्रत्येक बंदूकवाल्याने ओट्यावर उभे राहावे, सत्यभामाबाईंनी पलीकडील बांधावर उभे राहोन हाती एक वस्तू धरावी, आणि ती कोणती हे ज्यास सांगता येणार नाही त्याने बंदूक ठाण्यात नेऊन द्यावी. सर्वांनी माना डोलाविल्या. बाईंनी पळी धरली. हुसेनखान भिंग पुसून, डोळे बारीक करोन म्हणाले, "विळा." कोणी हसले नाही. खानांनी सर्वांचे तोंडाकडे पाहिले आणि समजले, आणि खाली बसले. धाकोजी त्यांचे शेजारी सरकले, खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. मी येतो चालत." मग अंतोजींची पाळी आली. बांधावर बाईंनी हात वर केला. अंतोजी बोलिले, "कंगवा." बाईंनी लांबूनच मान हलविली की, बरोबर.

धाकोजी म्हणाले, "या वर्षी ठीक. पुढल्या वर्षी पाहू."

येणेप्रमाणे त्या राज्यीचे वर्तमान. भात थोडे डुकरांनी खाल्ले, बहुतेक घरी आले, माणसास इजा जाहली नाही. पडवीत आता बंदुका कमी आणि संगणक अधिक आहेत, भांडणे पूर्वीइतकीच आहेत. इतके लिहोन लेखक उठला.