मागच्या सीटवरचे गृहस्थ

"गाडीला काम मिळालं तर राहू दे," शिवप्रसाद म्हणाला. "नुसती उभी राहणार असंल, तर महिनाअखेरच्या रविवारी भंगारवाला येऊन नेईल. मी शब्द दिलाय, ताई."

उज्वलाने शेडकडे पाहिले. अप्पांची पांढरी अ‍ॅम्बेसिडर तिथे धूळ पांघरून उभी होती. अप्पा म्हणजे सिद्रामप्पा, लातूरच्या मोंढ्यातले डाळीचे व्यापारी. त्यांना जाऊन एक पावसाळा झाला होता. शिवप्रसादला शेड पाडून तिथे क्लासच्या पोरांसाठी खोल्या काढायच्या होत्या. सगळ्या गल्लीने काढल्या होत्या; जिथे पूर्वी म्हशी बांधत तिथे आता भावी डॉक्टर राहत होते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, हीच खरी अडचण होती.

उज्वला नांदेडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. अप्पा गेले त्या दिवशी ती विद्यार्थ्यांची सहल घेऊन माहूरला गेली होती. परतताना मुदखेडच्या रेल्वे फाटकात गाडी अडकली, आणि कोणाच्या घरी काय झाले आहे याची चौकशी मालगाडी करत नाही. दिवस मावळायच्या आत माती द्यायची म्हणून लोक थांबले नाहीत. ती पोचली तेव्हा माणसे हातपाय धुऊन परत येत होती. ती रडली नाही. रडायला काहीतरी पाहिलेले असावे लागते. त्यानंतर दर शनिवारी ती लातूरला यायची आणि अ‍ॅम्बेसिडरच्या मागच्या सीटवर बसून पेपर तपासायची. कोणी विचारले तर सांगायची, इथे उजेड चांगला येतो. शेडला खिडकी नव्हती.

म्हणून एका टीव्ही मालिकेला जुनी गाडी हवी आहे असे कळले, तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून अनोळखी माणसाला फोन केला.

मालिकेची विशाखा नावाची मुलगी मुंबईहून आली. गाडीभोवती फिरून ती हरखली. "मॅडम, परफेक्ट! आमच्या मालिकेतले आजोबा वारतात. लिंगायत व्यापारी दाखवलेत. त्यांची इच्छा असते की शेवटचा प्रवास आपल्याच गाडीतून व्हावा. सीन चांगला गेला तर गाडी पुढे वर्षभर लागेल. फ्लॅशबॅक असतात ना."

"शेवटचा प्रवास," उज्वला म्हणाली.

"हो. बसवूनच नेतात ना तुमच्यात? आम्ही अभ्यास केलाय."

अभ्यासाचा नमुना म्हणून तिने मोबाइलवर फोटो दाखवला. लातूरच्या एका साडीच्या दुकानात काम करणारे आणि हौशी नाटकांतून गाजलेले रामलिंग नावाचे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. डोक्यावर पुणेरी पगडी, कपाळावर उभे गंध.

उज्वलाची आई, लक्ष्मम्मा, पाठीमागून डोकावली. "अय्यो! ह्यो तर कीर्तनकार दिसायलाय. आमच्यात असा मेलेला चालत न्हाई."

"मग कसा चालतो, आजी?"

"घेऊन ये त्याला. मी दाखवते."

शूटिंगच्या दिवशी सकाळी रामलिंग घरी हजर झाले. "माझं एक आहे, काकू," ते म्हणाले. "एकदा भूमिकेत शिरलो की मी कुणाचाच राहत नाही."

"गप बस," लक्ष्मम्मा म्हणाली, आणि त्यांना भूमिकेत घालायला लागली. कपाटातून अप्पांचे धोतर, अप्पांचा सदरा, अप्पांचा पिवळसर पटका निघाला. कपाळावर, दंडांवर विभूतीचे आडवे पट्टे ओढले. मग तिने त्यांना गाडीत मागे मांडी घालून बसवले, पाठीला फळी लावली आणि पांढऱ्या कापडाने फळीसकट सीटला बांधून टाकले.

"काकू, हे जरा घट्ट..."

"मेलेला माणूस मान टाकत न्हाई आन् तक्रार बी करत न्हाई. तोंड मिट." आणि हनुवटीखालून कापड घेऊन तिने जबडाही बांधला. कापडाची टोके पटक्यात गेली.

गळ्यात हार घातल्यावर ती मागे सरली. बराच वेळ पाहत राहिली. मग आत गेली आणि मिक्सर लावला. मिक्सर पुष्कळ वेळ चालू होता. पाणी प्यायला आत गेलेल्या उज्वलाने पाहिले, भांड्यात काहीच नव्हते.

विशाखा सामानाच्या जीपमधून पुढे गेली. जाताना बजावून गेली, "काका, विभूती वाळली की चेहरा हलवू नका, तडे जातात. मॅडम, लोकेशन अहमदपूर रस्त्यालाच आहे, चढावरचं देऊळ. वेळेवर या हं, उन्हाचा प्रॉब्लेम आहे."

उज्वला गाडी चालवत निघाली. गाडी तिला अप्पांनीच शिकवली होती. मागून सूचना येत नव्हत्या एवढाच फरक होता. आरशात पटका दिसत होता, म्हणून तिने आरसा वर फिरवला.

देवळाच्या अलीकडच्या गावात, बरोबर स्टँडसमोर, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली.

चहाच्या टपरीवरचे एक जण पाण्याची घागर घेऊन धावत आले, मागच्या काचेत पाहिले आणि जागच्या जागी चपला काढून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. त्यांचे पाहून बाकड्यावरच्यांनीही जोडले. टपरीवाल्याने रेडिओ बंद केला.

"कोण, बाई?" हातात काठी घेतलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले. त्यांना सगळे मलप्पा म्हणत होते.

"नाही हो, तसं काही नाही," उज्वला घाईने म्हणाली. "हे खरे नाहीत. हे गेलेलेच नाहीत."

भोवती जमलेल्या बायकांपैकी पारूबाई नावाच्या एकीने तिचा हात धरला. "असंच वाटतं, माय. माझे मालक गेले तवा मी बी कितीक दिस ताट वाढून ठेवायची."

"अहो, ते नाटक आहे सगळं!"

"हाव. सगळं नाटकच हाय," मलप्पा गंभीरपणे म्हणाले.

उज्वलाने मागचे दार उघडले. "रामलिंगजी, सांगा ना यांना!"

रामलिंग यांनी चेहऱ्यावर तडा जाऊ दिला नाही. खरे तर उन्हाने आणि घट्ट बांधल्याने त्यांना गाढ झोप लागली होती.

"नावानं हाक मारायलीय," पारूबाई दुसरीला म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. "डोक्यावर परिणाम झाला लेकराच्या."

उज्वलाने शेवटचा उपाय म्हणून विशाखाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावे म्हणून स्पीकर चालू केला. ती तोंड उघडायच्या आत विशाखा ओरडली, "मॅडम, कुठे आहात? सगळे थांबलेत! बॉडीला ऊन लागू देऊ नका, खराब होईल!"

आणि फोन कट झाला. त्यानंतर कोणालाच शंका उरली नाही.

मलप्पांनी काठी आपटली. "पोरांनो, बघत काय उभे ऱ्हाता? मयत गावात हाय तवर कुणाच्या घरी चूल पेटणार न्हाई. लेकरं उपाशी ऱ्हातील. गाडी चालू होत न्हाई तर ढकला. वेशीभाईर तर काढू."

"चढावरच्या देवळापर्यंतच जायचं होतं," उज्वलाच्या तोंडून निघून गेले.

"मंग तिथवर नेऊ."

कोणीतरी टाळ आणले, कोणीतरी मृदंग. बेलाची पाने आली, खोबऱ्याची वाटी आली, उदबत्त्या बॉनेटच्या फटीत खोचल्या गेल्या. "हर हर महादेव" झाले आणि गाडी हलली. स्टिअरिंगवर एका शेतकऱ्याला बसवले होते. "लेकीनं मागून चालायचं," असे सांगून पारूबाईने उज्वलाला बायकांमध्ये घेतले होते. आजूबाजूच्या शेतांतून सोयाबीन काढणारी माणसे खुरपी, विळे ठेवून रस्त्यावर येत होती. ज्याला मयत कोणाचे आहे हे माहीत नव्हते तो पुढच्याला विचारत होता; पुढच्यालाही माहीत नव्हते, पण तो सांगत होता, "लई मोठा माणूस व्हता."

उज्वला दोन-तीनदा म्हणाली, "ऐका हो माझं." नंतर तिने म्हणणे सोडले. मागच्या काचेतून फक्त पटका आणि खांद्याचा थोडा भाग दिसत होता. टाळांच्या ठेक्यावर पटका हलत होता. एवढेच दिसत असताना माणूस कोण आहे याने काही फरक पडत नव्हता. चढ सुरू झाला तेव्हा ती रडत होती. आवाज न करता सुरुवात झाली आणि मग आवाजही झाला. पारूबाईने समाधानाने मान हलवली. "आता ठीक हाय. मोकळी हो."

देवळापाशी दिग्दर्शक भाड्याच्या दहा-बारा कंटाळलेल्या माणसांना रडायला शिकवत होते. त्यांनी रस्त्याकडे पाहिले. अख्खे गाव भजन म्हणत, घामाने निथळत, गाडी ढकलत चढून येत होते, आणि मागे एक बाई अशी रडत होती की तसे रडणे त्यांना वीस वर्षांत कोणी दिले नव्हते.

"एवढे लोक कोणी बोलावले?" ते कुजबुजले. "जाऊ दे. कॅमेरा चालू करा. कोणी कोणाला अडवू नका."

ते "कट" म्हणाले तेव्हा टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी रामलिंग यांना जाग आली. टाळ्या ऐकून ते आजवर कधी झोपून राहिले नव्हते. त्यांनी डोळे उघडले, जबड्याचे कापड ओढून सोडवले आणि म्हणाले, "पाणी."

पारूबाईने किंकाळी फोडली. मृदंगवाला मृदंग टाकून उसात शिरला. मग हळूहळू सगळे कॅमेऱ्याकडे, विशाखाकडे, छत्रीखालच्या दिग्दर्शकांकडे पाहू लागले, आणि भजनापेक्षा वेगळा आवाज उठायला लागला.

मलप्पा काठी घेऊन पुढे आले. "बाई, आम्ही पायात चप्पल न घालता हा चढ चढलो. मंग मेलं कोण?"

"माझे अप्पा," उज्वला म्हणाली. "उन्हाळ्यात. मला पोचता आलं नाही."

"पटका त्यांचा?"

"हो."

"गाडी?"

"त्यांचीच."

मलप्पांनी जरा विचार केला आणि काठी खाली टेकवली. "मंग हरकत न्हाई. वाया न्हाई गेलं." मग ते रामलिंग यांच्याकडे वळले. "पर तू घोरायला व्हता, हे बराबर न्हाई. मला वाटलं कुणी तरी बेसूर म्हणायलंय."

गावकरी उतरून गेले आणि घरोघर आंघोळी झाल्या. प्रसंग खोटा निघाला होता, पण विटाळाच्या बाबतीत कोणालाच धोका पत्करायचा नव्हता. पारूबाईने जाताना उज्वलाचा नंबर घेतला. "पोचलीस की सांग, माय."

शनिवारी विशाखाचा फोन आला. "मॅडम, आजोबा वाचले."

"कोण आजोबा?"

"मालिकेतले. त्यांना मारू नका म्हणून लोकांचे इतके मेसेज आले की चॅनेल घाबरलं. आता ते शुद्धीवर येऊन सुनेची बाजू घेणार आहेत. तो सीन काढून टाकलाय."

"आणि गाडी?"

"घरी ते अ‍ॅम्ब्युलन्सने येतात, मॅडम. सॉरी."

रविवारी सकाळी भंगारवाला आला. त्याने टायरला लाथ मारली, बॉनेटवर ठोकून पाहिले आणि फटीतून उदबत्तीची काडी निघाली ती शिवप्रसादला दिली. उज्वला पायरीवर बसून होती. तिचा फोन वाजला.

"बाई, मी मलप्पा बोलायलोय. ती गाडी हाय का अजून?"

"आहे," ती म्हणाली. "कोण गेलं, मलप्पा?"

"कुणी न्हाई. माझ्यासाठीच इचारायलोय. पोरगा ट्रॅक्टर म्हणतो. ट्रॅक्टर लई हादरतो, बाई. त्या दिशी बघितलं, तुमच्या गाडीत माणूस कसा देखणा बसतो."

उज्वलाने फोन भावाकडे दिला. शिवप्रसाद मोंढ्यात वाढलेला. समोरून गिऱ्हाईक बोलतेय म्हटल्यावर त्याचा आवाज आपोआप बदलला. "बोला काका. तारीख काय धरायची?"

"तारीख माझ्या हातात हाय का, मालक? ती महादेवाला ठाऊक. तवर गाडी ठेवा म्हणजे झालं. म्हाताऱ्याला न्हाई म्हणू नका."

म्हाताऱ्याच्या शेवटच्या प्रवासाला नाही म्हणणारा माणूस शिवप्रसादच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. आणि गाडीला काम मिळाले तर राहू दे, असे तोच म्हणाला होता. "तब्येत कशी आहे तुमची?" त्याने जरा आशेने विचारले.

"लई झकास."

भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवावे लागले.

मलप्पांची एक अट मात्र होती. मेल्यावर बसून आपल्याला काय कळणार, म्हणून एकदा जितेपणी बसून बघायचे. पुढच्या शनिवारी उज्वला त्यांच्या गावी गेली. ते नवे धोतर नेसून, विभूती लावून तयार होते. मागच्या सीटवर मांडी घालून बसले, दोन्ही बाजूंना हात पसरून पाहिले, आणि म्हणाले, "चल. सावकाश. घाई कुणालाच न्हाई."

स्टँडसमोरून जाताना चहाच्या बाकड्यावरची माणसे गाडी पाहून उठली. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि माना खाली घातल्या.

मलप्पांनी घाईघाईने काच खाली केली.

"अरे, अजून न्हाई!" ते ओरडले.