सुनंदाच्या जागी भोईरकाका

बारावी सायन्सच्या पहिल्याच दिवशी फिजिक्सच्या सरांनी हजेरी घेताना "सुनंदा भोईर" असं नाव पुकारलं आणि पहिल्या बाकावरून पांढऱ्या टोपीतला, जाड मिशांचा, पन्नाशीचा एक माणूस ताडकन उभा राहिला.

"हाजर हाय, सर," म्हणाला आणि खाली बसला.

वर्ग हसला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माणूस होता तिथेच होता.

"आपण कोण?"

"तिचा बापूस. पोरगी झाडावरना पडली. मांडीचा हाड मोडलाय. ठाण्याला इस्पितळात हाय, तिची आय हाय तिच्यापाशी. पोरगी येतं तवर मी बसतो."

"पण काका, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी. पन कान चांगले हायत."

सरांनी पुढचं नाव पुकारलं. काका बसले ते बसलेच.

ही नव्वदच्या दशकातली शहापूरची गोष्ट. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना डॉक्टर व्हायचं होतं, निदान आमच्या आईवडिलांना तरी आम्हाला डॉक्टर करायचं होतं. मला काय व्हायचंय हे मला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मलाही ते माहीत नव्हतं. बेडूक कापणं मला जमायचं. पण डॉक्टर व्हायला फिजिक्स कशाला लागतं, ते काही केल्या कळायचं नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला सेंट्रिपेटल फोर्स सांगून काय उपयोग? मी फळ्यावरचं सगळं वहीत उतरवायची आणि घरी येऊन ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिल्यासारखं बघत बसायची.

काका फक्त फिजिक्सच्या तासाला यायचे. "बायलॉजी ती पुस्तकातना वाचंल, केमिस्टरी पाठ करंल," ते सांगायचे, "पन फिजिक सरांच्या तोंडातना ऐकावा लागतां." सापगावाहून चालत यायचे, तास संपला की चालत परत. लावणीच्या दिवसांत पोटऱ्यांवर चिखल तसाच असायचा. आवणात, म्हणजे लावणीच्या शेतात, माणसं खोळंबलेली आणि हा कॉलेजात बसतो, म्हणून गाव त्यांना वेडा म्हणायचं. काकांच्या भावाने तर रस्त्यात अडवून विचारलं, "भात कोन लावंल रे, तुजा सर?"

त्यांची वही हा एक चमत्कार होता. अक्षरं कमी, चित्रं जास्त. ग्रीक अक्षरांना त्यांनी आपली नावं दिली होती. थीटा म्हणजे चिरलेला वाटाणा. लॅम्डा म्हणजे तंगड्या फाकून उभा राहिलेला मुकादम. सर समीकरण सोडवत असताना मधेच विचारायचे, "सर, तो वाटाना कुठं गेला?" सर बघायचे, तर खरंच एका ओळीत थीटा लिहायचा राहिलेला असायचा.

सरफेस टेन्शनचा धडा सुरू झाला तेव्हा ते खूश झाले. "पान्याला टेन्शन असनारच, सर. तानशाच्या धरनाचा सगला पानी मुंबयला जातो, आनी आमची बाय हांडा घेऊन फिरतं."

पण एकदा ते खरोखर चिडले. सर म्हणाले, "डोक्यावर भारा घेऊन सपाट रस्त्याने माणूस कितीही चालला, तरी भारा उचलून धरणाऱ्या बळाने केलेलं काम शून्य."

"शून्य?"

"शून्य, काका. बळ वर, चाल पुढे. काटकोन."

काकांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी मात्र ते डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन थेट वर्गात आले आणि टेबलाजवळ उतरवून म्हणाले, "घ्या, सर. व्हरांड्यातना फिरून या."

सर भले माणूस. त्यांनी डोक्यावर रुमालाची चुंबळ केली, आम्ही दोघीतिघींनी भारा चढवला आणि सर निघाले. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"किती काम झाला?"

"शून्य," सर धापा टाकत म्हणाले.

"आनी हा घाम कोनाचा?"

त्या दिवशी सरांनी खडू खाली ठेवला. भारा नुसता धरून ठेवायलासुद्धा स्नायूंचे धागे सारखे आवळावे आणि सोडावे लागतात, त्यात अन्न जळतं, उष्णता होते, म्हणून घाम येतो, हे त्यांनी सांगितलं. "पुस्तकात शून्य आहे. शरीरात नाही. डॉक्टर व्हाल तेव्हा हे लक्षात ठेवा." वर्षभरातला मला समजलेला तो एकच तास.

सुनंदा पुढे डॉक्टर झाली आणि मी झाले नाही, हे आत्ताच सांगून टाकते. खरं सांगायचंय ते वेगळंच.

श्रावणात सुनंदा कमरेपर्यंत प्लॅस्टरमध्ये घरी आली. काकांची ती वही घेऊन बिचारी काय अभ्यास करणार, असं वाटून मी माझ्या वह्या घेऊन सापगावला गेले. अंगणात जांभळाचा तोडलेला बुंधा होता. आत सुनंदा खाटेवर पडली होती. उशाशी फिजिक्सचं पुस्तक होतं, त्यातली सगळी गणितं पेन्सिलने सोडवलेली.

"अगं, तुला तर सगळं येतंय!" मी म्हणाले.

"हळू बोल गो," ती म्हणाली. "पुस्तकातना समजतं मला. बाबांना सांगू नको."

"मग ते कशाला येतात एवढे चालत?"

तिने दाराकडे बघून घेतलं. "जांभलावर मी आपनहून चढत नव्हते. बाबाच म्हनले, वरची पिकलीत, चढ. मी पडले नि दुसऱ्या दिशी त्यांनी झाड तोडला. त्याच्यानंतर माझ्या तोंडाकडं बघनाच सोडला. इस्पितळात यायचे ते प्लॅस्टरशी बोलायचे. फक्त घरी येऊन वर्गातला फिजिक मला शिकवताना बघतात. समजला का, समजला का, करत बघतात. मी म्हनते, नाय समजला, परत सांगा."

एवढ्यात काका आले. पाय धुतले, टोपी खुंटीला लावली, कोळशाचा तुकडा घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर एक मोठा गोल काढला. मग मी दिसले. माझ्या हातातल्या वह्यांकडे त्यांनी क्षणभर बघितलं.

"तू पन बस गो," ते म्हणाले. "वर्गात तुला काय कललेला नसतां. मी बघतो ना रोज."

मी वह्या पाठीमागे सारल्या आणि खाटेला टेकून बसले.