बाहेरचं खाणं

नवरा तिसऱ्यांदा न्हाणीघरातून बाहेर आला, तेव्हा बाई हातमोजे घालून दारातच उभ्या होत्या. हातात नमुन्याची बाटली. शिळ्या अन्नातले जिवाणू माणसाच्या पोटात जाऊन काय उच्छाद मांडतात, या संशोधनात बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. परगावचे डॉक्टर त्यांना फोन करून सल्ला विचारायचे. आज घरातच रोगी निघाला होता. काळजी तर खरीच होती, पण डोळ्यांत थोडी चमकही होती.

"दुपारी काय खाल्लंत?"

नवऱ्याने क्षणभर छताकडे पाहिलं. "कँटीनचं," तो म्हणाला.

एवढ्या एका शब्दावरून पुढचं सगळं रामायण घडलं. बाईंनी त्याच्या ऑफिसात फोन लावून आणखी कोणाला त्रास होतोय का, ते विचारलं. विचारेपर्यंत सगळे ठणठणीत होते. विचारल्यावर हिशेबनिसाला मळमळायला लागलं, टेलिफोनवरची मुलगी पोट धरून बसली आणि मोठ्या साहेबांना आठवलं की आपल्यालाही सकाळपासून कसंतरीच होतंय. संध्याकाळच्या आत कँटीनला टाळं लागलं. बाईंच्या प्रयोगशाळेतली माणसं सुऱ्या, फळ्या, फडकी, सगळ्यांचे नमुने घेऊन गेली. त्यांत काही सापडलं तर कँटीनवाल्याचं कंत्राट रद्द, असं साहेबांनी सांगूनच टाकलं.

हे ऐकून नवऱ्याने अंथरुणात भिंतीकडे तोंड फिरवलं. बाईंना वाटलं, पुन्हा कळ आली.

दोन दिवसांनी कँटीनवाला घरी आला. भांडायलाच आला असणार, म्हणून बाईंनी मनातल्या मनात उत्तरं जुळवून दार उघडलं. त्याच्या हातात डबा होता. आजाऱ्याला जड काही पचत नसेल, म्हणून त्याने पातळ सूप करून आणलं होतं.

"साहेब, लगेच घेता, की बाई आधी तपासणार?" त्याने नवऱ्याला विचारलं. त्यात टोमणा नव्हता; त्याला खरंच कळत नव्हतं.

नवरा उठून बसला. "त्या दिवशी मी कँटीनमध्ये पाणीसुद्धा प्यायलो नाही. माझ्या डब्यात भात होता. घरचा."

"कुठला भात?" बाईंनी विचारलं.

"रात्रभर ओट्यावर राहिलेला. टाकून द्या म्हणालीस ना, तो."

बाई खुर्चीत बसल्या. त्याच्या आदल्या रात्री पातेलं उतरवताना प्रयोगशाळेचा फोन आला आणि भात फ्रीजमध्ये ठेवायचा राहूनच गेला. भात उघड्यावर ठेवू नका, हे जगाला बजावण्यात बाईंचा घसा कोरडा पडला होता.

"अहो, मग खाल्लात कशाला?"

"तू थकून येतेस आणि तशीच रांधायला उभी राहतेस. माझ्याच्याने टाकवत नाही गं. कधीच टाकलं नाही."

"कधीच म्हणजे?"

"लग्न झाल्यापासून."

बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. "आणि आजारी एकदाच पडलात?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ऑफिसात जाऊन मोठ्या साहेबांना भेटल्या. नमुन्यांत काही निघालं नव्हतं. कँटीन स्वच्छ होतं आणि चूक घरच्या स्वयंपाकिणीची होती, असं त्यांनी सांगितलं. अशा बाईला कामावर ठेवता तरी कसं, असं साहेबांनी विचारल्यावर त्यांनी आपलं कार्ड पुढे सरकवलं.

टाळं निघालं. जेवायची वेळ झालीच होती. बाई कँटीनमध्ये कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि सवयीने पिशवीतून आपला डबा काढला. कँटीनवाला लगबगीने आला.

"बाई, राग मानू नका, पण बाहेरचं खाणं इथं चालत नाही."

"का?"

तो जरा अवघडला. मग त्याने वाफाळतं ताट हळूच त्यांच्यापुढे ठेवलं.

"पोटाला बाधतं," तो म्हणाला.