पापाला वीसपैकी किती?

प्राध्यापक दिगंबर छत्रे यांच्या गळ्यात नीतिमत्ता पडली ती बटाटेवड्यामुळे. पुण्यात बिबवेवाडीतल्या एका मिशनच्या मॅनेजमेंट कॉलेजात शिक्षकांची मीटिंग चालू होती. नवे संचालक फादर रुमाव मूळचे वसईचे, आणि त्यांचं मराठी पुणेकरांनी सावरून बसावं इतकं स्वच्छ.

"नफा कसा मिळवायचा हे आपण दोन वर्षं शिकवतो," फादर म्हणाले. "कुठं थांबायचं हे एक तासही शिकवत नाही. आपलं कॉलेज चर्चचं आहे, आणि धंद्याच्या शिक्षणात श्रद्धा आणि नीती आपण नाही आणायची तर कुणी? हा विषय कोण घेईल?"

फायनान्सच्या हेमा दामले यांना त्याच क्षणी ऑडिटचं काम आठवलं. इतरांना गुडघे, सासू आणि पीएचडी आठवली. छत्र्यांच्या तोंडात मात्र कढईतून नुकताच उतरलेला वडा होता. तो गिळवेना आणि बाहेर काढवेना.

"छत्रे सर मौनात आहेत," फादर प्रसन्न होऊन म्हणाले. "नीतीला हेच लागतं. विषय तुमचा."

छत्र्यांनी वडा गिळला आणि त्यामागून नकारही गिळला. कारण विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती. त्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता, छत्र्यांचा आणि हेमाबाईंचा. महिनाअखेरीला विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला येणार होती आणि ती गेली की फादर नाव जाहीर करणार होते. अशा वेळी नीतीला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं.

फादरांची कल्पना अगदी साधी होती. दिवस संपताना विद्यार्थ्यानं पाच मिनिटं गप्प बसावं आणि आज आपण कुणाला फसवलं का, हे स्वतःला विचारावं. "आमच्यात कन्फेशनच्या, म्हणजे पापाच्या कबुलीच्या, आधी हे करतात. चूक आठवायची, तिचा मनापासून खेद मानायचा, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा आणि झालेलं नुकसान भरून द्यायचं."

"म्हणजे चार मुद्दे," छत्रे म्हणाले. त्यांनी लगेच गणित मांडलं. "प्रत्येकी पाच गुण. एकूण वीस."

"गुण कशाला, सर? मनाची गोष्ट आहे."

"गुण नसले तर मुलं मन आणत नाहीत, फादर. मोबाइल आणतात."

फादर जरा खिन्न झाले, पण समिती यायची होती. "हे आमचं कन्फेशन नाही, एवढं मुलांना स्पष्ट सांगा," म्हणून त्यांनी होकार दिला. छत्र्यांनी अडगळीच्या खोलीत बॅडमिंटनच्या जाळ्यामागे पडलेला चॅपेलचा जुना लाकडी कन्फेशन बॉक्स पुसून वर्गात आणवला. बॉक्समधल्या लाकडी जाळीच्या एका बाजूला विद्यार्थ्यानं बसायचं, दुसऱ्या बाजूला छत्र्यांनी. गुप्तता कडक होती. नाव सांगायचं नाही, फक्त रोल नंबर.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, एक चूक कबूल केली नाहीत," छत्र्यांच्या पत्नी सुनीतीबाई घरी म्हणाल्या. "आणि परीक्षक तुम्ही!"

पहिल्या आठवड्यात कात्रजचा संपत जाळीपलीकडे येऊन बसला. त्याच्या वडलांनी जमिनी विकून दोन मंगल कार्यालयं बांधली होती. "सर, मी दुधाच्या रांगेत मधी घुसलो."

"चुकीचं गांभीर्य, पाचपैकी एक," छत्र्यांनी लिहिलं. "पाप किरकोळ आहे."

ही बातमी कॅन्टीनला पोचायला वेळ लागला नाही. किरकोळ पापाला किरकोळ गुण! पुढच्या आठवड्यापासून पापांचा दर्जा झपाट्यानं सुधारला. वर्गात भेसळवाले निघाले, सोनं लंपास करणारे निघाले, एकानं तर अख्खी पतपेढी बुडवली. पश्चात्तापाच्या पाच गुणांसाठी मुली डोळ्यांना बाम लावून येऊ लागल्या. मुलांना रडू येईना, म्हणून ते नुसतेच नाक ओढत.

संपतनं या वेळी तयारी केली होती. "सर, मी चुलत्याची जमीन हडपली."

"चुलत्याला जमीन आहे?"

"नाय सर. पन असती तर हडपली असती."

"पुन्हा न करण्याचा निश्चय?"

संपतनं जाळीखालून स्टँपपेपर सरकवला. "वडलांच्या वकिलाकडनं करून आनलाय. नोटरी बी हाय. आन् भरपाईला चुलता भाईर बसलाय. जमीन परत मिळाली म्हनून अंगठा दिलाय त्यानं."

वीसपैकी वीस. छत्र्यांना मनातून थोडं कसंनुसं झालं, पण चारही मुद्दे आले होते, आणि मुद्दे आले की गुण द्यावेच लागतात. चुलता सोनबा मात्र जागचा हलेना. आपली जमीन होती, ती गेली आणि परत मिळाली, हे सगळं त्याला एकाच दिवशी कळलं होतं.

"समदं खरं," तो म्हणाला, "पन जमीन हाय कुटं, तेवढं दावा." त्या दिवसापासून तो रोज येऊन कॉलेजच्या पायरीवर बसू लागला.

त्याच आठवड्यात उल्का आली. हुशार मुलगी. या वेळी डोळ्यांना बाम नव्हता.

"सर, याआधी मी सांगितलेली पापं खोटी होती. गुणांसाठी रचली. त्याचं फार वाईट वाटतंय."

छत्रे गोंधळले. त्यांनी तक्ता वरून खाली वाचला. "पण मग पाप कुठलं धरायचं? मागची खोटी, म्हणजे ती रद्द. नवीन तू आणलंच नाहीस. भरपाईचा पुरावा?"

"मागचे गुण परत घ्या ना, सर. तीच भरपाई."

"ते घेतोच," छत्रे म्हणाले आणि त्यांनी शून्य लिहिलं. उल्का उठून गेली. त्या शून्याकडे छत्र्यांना नंतर नीट बघवलं नाही, म्हणून त्यांनी पान उलटलं.

समिती आली. दारातच सोनबानं अध्यक्ष दीनानाथरावांचे पाय धरले. "सायेब, ह्या कालिजानं माझी जमीन मिळवून दिली!" तो म्हणाला. पुढं काही विचारायच्या आत छत्र्यांनी त्याला चहाला पाठवला.

दीनानाथराव भारावले. "वर्गात नीती शिकवून शेतकऱ्याला जमीन! अहो, असा परिणाम मोजता येणारा उपक्रम मी राज्यात पाहिला नाही." त्यांनी स्टँपपेपर पाहिला, गुणतक्ता पाहिला, बॉक्सवरून हात फिरवला. "मग हे फक्त विद्यार्थ्यांपुरतंच का? शिक्षकांचीही चाचणी होऊन जाऊ दे. जेवणानंतर मीच आत बसतो. विभागप्रमुख निवडायचाय ना, फादर? याच गुणांवर निवडा."

फादरांनी विरोध करून पाहिला. पण समितीचा शेरा अजून लिहायचा होता, आणि शेऱ्यापुढे संचालकाचं काय चालणार? बॉक्सकडे जाताना त्यांनी छत्र्यांना जिन्यात गाठलं. "सर, एक विचारू? इतक्या दिवसांत त्या जाळीतून कुणी एक तरी खरं बोललं का?"

छत्र्यांच्या घशात पुन्हा वडा अडकल्यासारखं झालं. "एक मुलगी बोलली," ते म्हणाले.

"देवाची कृपा. तिला किती दिलेत?"

छत्रे तसेच बॉक्समध्ये जाऊन गुडघे टेकून बसले. लाकडाला जुन्या मेणाचा वास येत होता. खुर्चीसाठी त्यांनी एक जंगी पाप तयार करून आणलं होतं, पण ते जिभेवर येईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी सगळं सांगून टाकलं. तक्ता पोकळ आहे, पापं बनावट आहेत, सोनबाला जमीन नाही आणि खरं बोललेल्या एकमेव मुलीला मी शून्य दिलं.

जाळीपलीकडे पेन वाजलं. "गांभीर्य दोन," दीनानाथराव म्हणाले. "असले गोंधळ सगळीकडे होतात हो, आम्ही तिकडे बघत नसतो. भरपाईचा पुरावा?"

"अजून नाही."

"स्टँपपेपर?"

"नाही."

"डोळेही कोरडे दिसतात. सहा धरतो, वीसपैकी. पुढचे कोण?"

पुढच्या हेमाबाई होत्या. त्या आत गेल्या आणि बाहेर हुंदके ऐकू आले. मग उल्का आत जाऊन आली. संध्याकाळी फलकावर कागद लागला. हेमा दामले, वीसपैकी वीस. विभागप्रमुखपदी हार्दिक अभिनंदन.

छत्र्यांना उल्का पार्किंगमध्ये भेटली. "तू आत कशाला गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"भरपाईचा पुरावा म्हणून, सर. मॅडमनी माझी माफी मागितली असं सांगायला."

"कशाबद्दल माफी?"

"मॅडमना पाप हवं होतं. मी माझ्याकडचं दिलं. एका प्रामाणिक विद्यार्थिनीला शून्य दिलं, तिनं कॉलेज सोडायचं ठरवलं, मग मॅडम तिच्या घरी गेल्या आणि दोघी रडल्या. असं जरा वाढवून लिहिलं."

"अगं, पण ते पाप माझं!"

"हो ना. पण तुम्ही वाढवून सांगितलं नसणार, सर."

छत्रे तिच्या गाडीसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "उल्का, तू खरं बोलणारी मुलगी. हे असं का केलंस?"

उल्कानं हेल्मेट डोक्यात घातलं. "खरं बोलून शून्य मिळालं होतं, सर. म्हणून पेपर पुन्हा दिला." तिनं गाडी सुरू केली. "मॅडमनी खुर्चीवर बसल्याबसल्या माझे वीस केले. विभागप्रमुख म्हणून त्यांची पहिली सही तीच."